रंगूनच्या शेवया

आमचे घरमालक कणकेला शिव्या द्यायचे. बैलावर त्यांनी कधी आवाज चढवला नाही आणि माणसाशी बोलणं कामापुरतंच. पण परातीपुढे बसले की सुरू. "ऊठ की लेका, मुर्दाडा! कोन येनार हाय तुला खायला? तरी ऊठ. आपलं काम आपन करावं." भिंतीच्या अलीकडे बसून मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, आत कुणी आजारी माणूस आहे आणि हे त्याला छळताहेत. मी आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हाक मारून ते ऐकवलं. त्यांनी भिंतीला कान लावला आणि म्हणाल्या, "पीठ मळून राह्यला मेला. येडा हाय."

निजामाचं राज्य होतं. आमचे हे सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, मास्तर, आणि त्यांची बदली हसनाबादेहून कुंभार पिंपळगावला झाली होती. दोन खोल्या आणि एक मोरी एवढं घर मिळालं, तेही कुणी दुसरं मागायला आलं नाही म्हणून. का आलं नाही ते आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं. वाणीण सांगून गेली की घरमालक पाटलांचे सख्खे चुलतभाऊ, पण वयाच्या सोळाव्या वर्षी जालन्याच्या कापसाच्या गाठींबरोबर मुंबईला गेले, तिथून जहाजावर चढले आणि पंधरा वर्षं रंगूनला एका चिन्याच्या खानावळीत राहिले. चिन्याच्या हातचं खाल्लं. परत आले ते डोक्याचा चकोट करून आणि चौकड्याची लुंगी नेसून. तेव्हापासून भावकीनं त्यांना पंगतीतून काढलं होतं.

"मास्तर, तुम्ही आधी इचारायचं न्हाई का?" आत्याबाईंनी स्वतःच्या लेकाला फाडून खाल्लं. मग त्यांनीच निकाल दिला. "भिंत एक असंल, पन चूल येगळी हाय. त्याचं पानी न्हाई, इस्तू न्हाई, काय न्हाई."

मी त्यांना मामा म्हणायची. दुसरं काय म्हणणार? त्यांनीही पहिल्याच दिवशी मला सूनबाई करून टाकलं होतं.

मामा अद्रक, म्हणजे आलं, वाळूच्या मडक्यात पुरून ठेवायचे आणि मोरीचं पाणी जिथं झिरपायचं तिथं सावलीत लावायचेही. बाजाराच्या दिवशी विकणारीपुढे उकिडवे बसून एकेक कुडी मोडून हुंगायचे. ती बाई ओरडायची, "घ्यायचं तर घ्या, न्हाईतर हात काढा!" मामा शांतपणे म्हणायचे, "जल्दी काय हाय? रंगून काय पळून चाललं?" हे त्यांचं पालुपद होतं. पाऊस येवो, बैल सुटो, रंगून काही पळून चाललेलं नसायचं.

जेवायचे दोन काड्यांनी. तुरीच्या वाळल्या काड्या सोलून, घासून गुळगुळीत केलेल्या. गावात या काड्यांवरून फार थट्टा व्हायची. त्यांच्याकडे चिनी मातीचे दोन वाडगे होते, आत निळा मासा काढलेले, रंगूनहून कापसात गुंडाळून आणलेले. माणूस एकटा, पण वाडगे दोन्ही मांडायचे. दोन्ही भरायचे. एक खायचे आणि दुसरा गार झाल्यावर कुत्र्याला घालायचे. आत्याबाई म्हणायच्या की त्यांच्यावर कुणीतरी करणी केली आहे.

पण हे वाडगे रोज निघत नसत. ते कधी निघायचे, ते सांगायला चूलबंद आवतण काय असतं ते सांगावं लागेल. गावात कुणाकडे मोठं कार्य असलं की आदल्या दिवशी आवतण द्यायला माणूस फिरायचा. एकट्याला बोलावणं असलं तर तसं सांगायचा, आणि घरादाराला असलं तर म्हणायचा, "चूलबंद हाय." म्हणजे उद्या तुमच्या घरी चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी यायचं. हो-नाही काही उत्तर द्यायचं नसतं. दुसऱ्या दिवशी तुमच्या माळवदावरून धूर निघाला नाही, म्हणजे तुम्ही येणार. आणि निघाला, तर तुम्ही कार्य करणाऱ्याच्या तोंडावर नाही म्हणालात. धूर सगळ्या गावाला दिसतो.

आमच्या दारात यायचं तर मामांच्या ओट्यावरून यावं लागे. आवतणवाला यायचा, मामा ओट्यावर बसलेले असायचे, म्हणायचे, "या, पानी घ्या." तो माणूस ऐकू न आल्यासारखा पुढे येऊन आम्हाला चूलबंद सांगून परत त्यांच्यासमोरून निघून जायचा. मामा तसेच बसलेले. दुसऱ्या दिवशी सगळ्या आळीची माळवदं कोरडी, आणि एका चुलीचा धूर वर. त्या दिवशी मामा रंगूनच्या शेवया करायचे.

मी जेवून परत यायची आणि तो वास दारात उभा असायचा. करडीच्या तेलात अद्रक पडलं की एक तिखट, गरम वास येतो, त्यात भाजलेल्या शेंगदाण्याचा वास मिसळतो. पंगतीतली बुंदी खाऊन आलेली मी, मला तो वास घेत उभं राहावंसं वाटायचं. आत्याबाई पदर नाकाला लावून मला आत ओढायच्या.

एकदा मी त्यांना विचारलंच. आत्याबाई नदीवर गेल्या होत्या. मी म्हटलं, "मामा, भावकीत मिटवून का टाकत नाही?"

"मिटंल की. पाटलानं सांगावा धाडला व्हता. पंगत घाल, अन् चार लोकांत म्हन की लाचारीनं खाल्लं, पोट भरत नव्हतं म्हनून खाल्लं. बस, मिटलं."

"मग?"

ते दाणे पाखडत होते. सूप खाली ठेवलं. "सूनबाई, मला तिकडं ताप आल्ता. एकवीस दिवस. त्या म्हाताऱ्यानं, मालकानं, मला मांडीवर घेऊन भरवलं. ह्याच शेवया. अद्रक घालून. त्याच्या पोटच्या पोराला भरवलं नसंल असं. आन् मी चार लोकांत म्हनू, लाचारीनं खाल्लं? न्हाई. मला पंगत न्हाई भेटली तरी चालंल."

पुन्हा सूप उचललं. मला त्यांचा राग आला, खरं सांगते. एवढंसं वाक्य, बोलून टाकायचं आणि मोकळं व्हायचं! पण मग मला तो दुसरा वाडगा आठवला. त्यांना पंगत नको होती असं नाही. त्यांना पंगत फार हवी होती.

दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले. आधीची दोन पोटातच गेली होती, त्यामुळे कुणी आनंदानं बोललंही नाही. मला माहेर म्हणावं असं नव्हतं, चुलत्यानं वाढवलेली मी. दुसऱ्या महिन्यापासून ओकाऱ्या सुरू झाल्या आणि पाणीसुद्धा टिकेना. भाकरीचा वास आला तरी मी मोरीत. हकीम झाला, वैद्य झाला, अंगारा झाला. माझ्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. आत्याबाई दिवसभर देवाशी भांडायच्या. हे मदरशातून आले की दारातच विचारायचे, "काही टिकलं का?" आणि माझ्याकडे बघायचे नाहीत. मला कळत होतं की हे मूलही जाणार, आणि या वेळी कदाचित मीही.

अशात पाटलांच्या पुतण्याचं लग्न निघालं. चूलबंद. मला कुठलं जाणं होतंय, मी बाजेवर पडलेली. भिंतीपलीकडे कणकेला शिव्या सुरू झाल्या, मग तेल तापलं, अद्रक पडलं. आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

"आत्याबाई," मी म्हटलं, "मला ते पाहिजे."

"काय?"

"मामा करताहेत ते."

आत्याबाई माझ्याकडे बघत राहिल्या. एकीकडे त्यांचा नातू, एकीकडे त्यांचा धर्म. "मी करते," शेवटी त्या म्हणाल्या. "त्यात काय अवघड हाय? शेवयाच ना?"

ओट्यावर जाऊन, दोन हात अंतर ठेवून, त्यांनी मामांना कृती विचारली. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाशी बोलल्या. मामांनी सगळं सांगितलं. शेवया उकळत्या पाण्यातून काढून निथळायच्या. तेलात बारीक चिरलेलं अद्रक, लाल मिरची. दाणे भाजून, सालं फुंकून, भरड कुटायचे. गूळ करपवून काळा करायचा, त्यात चिंच आणि मीठ, ते पाणी वरून.

आत्याबाईंनी धूर दिसू नये म्हणून कोळशाची शेगडी पेटवली आणि डब्यातल्या गेल्या उन्हाळ्याच्या शेवया काढल्या. तासाभरानं ताट आलं. मी एक घास घेतला आणि उठून मोरी गाठली. आत्याबाई डोकं धरून बसल्या. पलीकडून मामांचा आवाज आला, "काकू, शेवया तुपात परतल्या का?"

"परतल्या की. शेवया परतायच्या नसत्यात का?"

"अन् गूळ? करपवला का तसाच टाकला?"

आत्याबाईंनी ताट पदराआड घेतलं. "करपवला. पन शेवयाला गोड लावल्याबिगर खाली उतरवू कसं? अपशकुन असतो. मंग थोडा चांगला बी टाकला. वाईच दूध बी."

"मंग पोरीचा काय कसूर?" मामा म्हणाले.

मला त्या अवस्थेतही हसू आलं. आत्याबाईंना आलं नाही. त्या उठल्या, मामांच्या दारापर्यंत गेल्या आणि उंबऱ्याच्या बाहेर उभ्या राहिल्या. मी बाजेवरून त्यांची पाठ बघत होते. मग म्हणाल्या, "भाऊ, तुमच्याच हातच्या द्या."

मामा आधी अंघोळ करून आले. हे मला नंतर आत्याबाईंनी सांगितलं. कणकेत चिमूटभर पापडखार घातला, तेलाचा हात लावला आणि त्या गोळ्याला दोन्ही हातांनी ताणायला लागले. दोर वळणारा दोर ताणतो तसं, हात लांब, मग घडी, पुन्हा लांब. तोंडानं मोजणी, "दो, चार, आठ, सोला." आत्याबाई म्हणाल्या, पाट न्हाई, काही न्हाई, हवेत शेवया झाल्या. हे त्या पुढे चाळीस वर्षं सांगत होत्या.

उंबऱ्यावर आत्याबाईंनी आमचं पितळी ताट धरलं, मामांनी वरून वाडगा पालथा केला. भांड्याला भांडं लागू दिलं नाही. मी खाल्लं. शेवया जाड, चिवट, दाताखाली येणाऱ्या. वर दाण्याचा भरडा, अद्रकाचा झणका आणि त्या काळ्या पाण्याची आंबट-कडू चव. आत्याबाई समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि बाहेर ओट्यावर मामा बसले होते. घटकाभरानं आत्याबाई ओरडल्या, "टिकलं!"

मामांनी ऐकलं. "बराबर," एवढंच म्हणाले.

मग रोज. सकाळी पितळी ताट जायचं आणि भरून यायचं. आत्याबाई ताटावर फडकं टाकून आणायच्या, आणि कुणी विचारलं की म्हणायच्या, "मीच करून राह्यले." चौथ्या महिन्यात मी बाजेवरून उठले. पाचव्यात भाकरी खायला लागले. शेवया तरी चालूच होत्या, कारण आता मला त्याशिवाय जेवल्यासारखं वाटायचं नाही. मामांनी कधी कुणाला काही सांगितलं नाही. गावात कुणालाच माहीत नव्हतं की त्या माणसाच्या हातचं एक घर रोज खातंय.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. आळीतल्या बायका आल्या. वाणीण, सोनारीण, आणखी दोघीतिघी, आणि पाटलीणबाई. त्या मामांच्या भावजय. हिरवं लुगडं नेसवून मला पाटावर बसवलं, ओटी भरली, आणि पाटलीणबाईंनी रीतीप्रमाणे विचारलं, "सांग बाई, काय खावंसं वाटतं?" अशा वेळी पुरणपोळी म्हणायचं असतं. सगळ्यांनी ती करूनच आणलेली असते.

मी म्हटलं, "मामांच्या हातच्या शेवया."

माझ्या तोंडून निसटलं, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. निसटलं नव्हतं. मी आदल्या दिवशीच ठरवलं होतं.

सोनारीण हातातलं तबक धरून तशीच राहिली. पाटलीणबाईंनी आत्याबाईंकडे बघितलं. आत्याबाईंनी मनात आणलं असतं तर पोरीला भ्रम झालाय म्हणून वेळ मारून नेली असती. त्यांनी पदर खोचला.

"चार महिने त्याच्याच हातचं खाऊन जगली ही," त्या म्हणाल्या. "मीच आनून देत व्हते. आन् ताटात उरलेलं मी बी खाल्लं. झालं समाधान? आता आमच्या हसनाबादची रीत हाय, की गर्भारणीनं जे मागितलं त्यातला घास पाच सवाष्णींनी खायाचा. न्हाईतर पोराला दृष्ट लागते."

"आमच्यात अशी रीत न्हाई," पाटलीणबाई म्हणाल्या.

"तुमच्यात नसंल. पोटातलं पोर हसनाबादचं हाय."

ही रीत मी पुढे हसनाबादेत म्हाताऱ्या बायकांना विचारली. कुणीही ऐकलेली नव्हती.

मामांनी या खेपेला निळ्या माशाचा वाडगाच पाठवला, आत्याबाईंनी तो आपल्या हातानं घेतला आणि बायकांपुढे ठेवला. आधी वाणिणीनं एक शेवई उचलली. मग सोनारणीनं. पाटलीणबाईंनी डोळे मिटून, दोन बोटांत धरून एक तोंडात टाकली. चावली. डोळे उघडले. आणखी एक घेतली.

"भावजींनी तिखट जरा जास्तच घातलंय," त्या म्हणाल्या.

भिंतीपलीकडे काहीतरी पडलं. मला वाटतं पळी असावी. रंगूनहून आल्यापासून त्या घरातलं कुणी त्यांना भावजी म्हणालं नव्हतं.

मला मुलगी झाली. धडधाकट, काळीसावळी, आणि सगळ्या घराला पुरेल एवढा आवाज. बाराव्या दिवशी बारसं. मामा आदल्या दिवशी कोट घालून आमच्या दारात आले. तो कोट मी आधी कधी पाहिला नव्हता. म्हणाले, "बारशाचं जेवन माझ्याकडं. आळीला आवतन मीच देनार. चूलबंद."

आत्याबाई लगबगीनं उंबऱ्याशी आल्या. "भाऊ, एकेकाला बोलवा. चूलबंद कशाला?"

"मला एवढी वर्सं कुनी एकेकट्याला बी न्हाई बोलावलं," मामा म्हणाले. "द्यायचं तर पुरं देईन."

नऊ घरं. मामा नऊ ओट्यांवर स्वतः गेले. पाटील ओट्यावर सुपारी कातरत बसले होते, त्यांनी ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणाले. त्या "बरं"चा अर्थ काय, यावर हे आणि आत्याबाई जेवणं होईपर्यंत वाद घालत होते. बायकांनी एक शेवई चाखणं वेगळं. पाटलाच्या माळवदावरून उद्या धूर निघाला, तर मामांचं दार कायमचं बंद, आणि तेही त्यांनी स्वतः आवतण देऊन. मामा मात्र कणीक मोजत बसले. साठ माणसांची.

सकाळी मी पोरीला घेऊन खोलीत बाजेवर होते, मला बाहेर यायला बंदी. मामा अंगणात परातीपुढे, हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले. आज शिव्या नाहीत. आत्याबाई गुडघे धरत शिडीवरून माळवदावर चढल्या. आयुष्यात त्या कधी शिडी चढल्या नव्हत्या. मला त्या दिसत नव्हत्या, नुसता आवाज येत होता.

"वाण्याकडं न्हाई!"

मामा कणीक मळत राहिले.

"सोनाराकडं न्हाई. तिकडच्या दोन्ही घरी न्हाई. शिंप्याकडं... न्हाई, ती म्हातारी शेकोटी करून राह्यली अंगनात."

मग थांबल्या. पाटलांचं घर आळीच्या टोकाला, मध्ये लिंबाचं झाड. मी पोरीला घट्ट धरलं, ती रडायला लागली.

"आत्याबाई!" मी ओरडले. "सांगा ना!"

"थांब गं, झाड आडवं येतंय." त्या कडेनं पुढे सरकल्या असाव्यात, कारण मातीचं एक ढेकूळ खाली पडलं. मग त्यांचा आवाज आला, आणि तो फुटलेला होता. "न्हाई. पाटलाकडं बी न्हाई. सगळ्या आळीत न्हाई. तुमचीच चूल हाय भाऊ, एकटी."

अंगणात मामांनी नाक शिंकरलं. आणि परातीत गोळा आपटल्याचा धपकन आवाज झाला.

"ऊठ लेका, मुर्दाडा," ते म्हणाले. "जल्दी कर. मानसं येऊन राह्यले."